निवाडा आधी की माणूस आधी? ख्रिस्ती श्रद्धा आणि समलैंगिकता

आजचा विषय नाजूक आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. समलैंगिकता पाप आहे की नाही, याचा निकाल मी आज देणार नाही. चर्चमध्येच यावर एकमत नाही, आणि मी तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे, धर्मगुरू नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हा वाद मिटेपर्यंत श्रद्धावान ख्रिस्ती माणसाने समोरच्या माणसाशी वागायचं कसं? कारण तो माणूस काही दूरदेशी नसतो. तो कुणाचा तरी मुलगा असतो, रविवारी आपल्याच बाकावर बसलेला असतो.

या चर्चेत बायबलमधले मोजकेच उतारे पुन्हा पुन्हा पुढे येतात. त्यातला एक महत्त्वाचा उतारा पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. तिथे पौल अशा संबंधांचा निषेध करतो. ते शब्द तिथे नाहीतच, असं म्हणण्यात अर्थ नाही. पण पुढे वाचा. लगेच येणाऱ्या यादीत लोभ आहे, मत्सर आहे, चहाडी आहे, आईबापांची अवज्ञा आहे, निर्दयपणाही आहे. वाचणारा मान डोलावत असतो, ‘बरोबर, हे लोक असेच!’ आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात पौल वळतो आणि त्या मान डोलावणाऱ्यालाच धरतो. दुसऱ्याचा न्याय करणाऱ्यालाही सबब नाही, असा त्याचा आशय आहे.

आता गंमत बघा. मूळ पत्रात अध्याय नव्हतेच. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी १३व्या शतकातली. पौलाने एका दमात सांगितलेलं आपण मधेच तोडतो. पहिला भाग दुसऱ्याला ऐकवतो आणि आपल्यासाठी असलेला भाग वाचायचा राहून जातो.

तुम्ही म्हणाल, सर, हे झालं पुस्तकातलं. जो मनापासून याला पाप मानतो, त्याला हे प्रत्यक्षात जमतं का? इतिहासातलं एक उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये १५३३ पासून हा गुन्हा होता आणि १८६१ पर्यंत त्याला देहान्ताची शिक्षा होती. पुढे शिक्षा सौम्य झाली, पण गुन्हा राहिला. १९५२ मध्ये अ‍ॅलन ट्यूरिंग हा थोर गणितज्ञ दोषी ठरला आणि तुरुंग टाळण्यासाठी त्याला संप्रेरकांचे उपचार घ्यावे लागले. १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीने सुचवलं की, प्रौढांनी खासगीत, संमतीने ठेवलेला संबंध गुन्हा मानू नये. कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी याला पाठिंबा दिला. त्यांच्यानंतरचे आर्चबिशप मायकेल रॅम्से यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हीच बाजू घेतली. १९६७ मध्ये कायदा बदलला. लक्षात घ्या, हे दोघेही या कृतीला पापच मानत होते. तरीही माणसाला तुरुंगात घालायला त्यांनी नकार दिला.

याच इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्या दंडसंहितेत ३७७ कलम घातलं होतं. त्यांच्याकडे १९६७ मध्ये जे सुटलं, ते आपल्याकडे सुटायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

म्हणजे मत असणं वेगळं आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणं वेगळं. पण एवढ्यावर थांबू नका. तुरुंगात न घालणं म्हणजे काही प्रेम नव्हे. ते तर फक्त दगड खाली ठेवणं झालं.

इथे एक आक्षेप हमखास येतो. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला येशूने शेवटी ‘पुन्हा पाप करू नकोस’ अशा अर्थाचं सांगितलंच ना? सांगितलं, खरं आहे. पण क्रम बघा. आधी त्याने दगड घेतलेली गर्दी पांगवली. मग, मीही तुला दोषी ठरवत नाही, असं तिला सांगितलं. आणि उपदेश सगळ्यात शेवटी, गर्दीचा धाक उरला नाही तेव्हा. आपण नेमकं उलटं करतो. उपदेश आधी, गर्दीच्या देखत, आणि जवळ घेण्याचं काय, तर तू बदललास तर बघू!

‘पापाचा द्वेष करा, पाप्यावर प्रेम करा’ असं आपण सहज म्हणतो. त्याची कसोटी सोपी आहे. ज्याच्यावर प्रेम करतो म्हणता, त्यालाच विचारा, ते पोचतं का? त्याला फक्त द्वेषच ऐकू येत असेल, तर प्रेम अजून आपल्या तोंडातच आहे.

घरात मुलगा किंवा मुलगी हे सांगते, तेव्हा आईबापांना लगेच ब्रह्मज्ञान व्हावं, असं मी म्हणत नाही. गोंधळ होईल, रडूही येईल. पण त्या रात्री त्याचं पान नेहमीच्या जागी वाढलेलं असू द्या. मत उद्याही सांगता येतं. निघून गेलेलं लेकरू उद्या परत येईलच, याची खात्री नसते.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.