छायाचित्रावरून चतुरांची ओळख

पावसाळा सरत आला की तळ्याकाठी व भातखाचरांवर चतुरांची वर्दळ वाढते. नवशिका अभ्यासक त्यांची छायाचित्रे घेतो आणि प्रथम रंग पाहतो. नेमका रंगच त्याला फसवितो.

डिप्लाकोडिस ट्रिव्हिॲलिस हा महाराष्ट्रात सर्रास आढळणारा लहान चतुर होय. त्याची मादी व कोवळा नर हिरवट-पिवळे असून त्यांवर काळ्या खुणा असतात. नर वयात आला की अंगावर भुकटीसारखा निळसर लेप चढतो, खुणा बुजतात व सारा देह निळा दिसतो. एकाच जातीला दोन-तीन नावे पडतात ती अशी. उलटही घडते. मादी ऑर्थेट्रम सबीनासारखी, तर निळा नर त्याच वंशातील निळ्या चतुरांसारखा भासतो. सबीना आकाराने पुष्कळ मोठा. पण छायाचित्रात लहानमोठेपणा उरतच नाही. तेथे उदराची घडण पाहावी. सबीनाचे उदर मुळाशी फुगीर व मध्ये एकदम बारीक असते, डिप्लाकोडिसचे तसे नसते. निळ्या नराच्या बाबतीत उदराच्या टोकाची फिकट पांढरट उपांगे उपयोगी पडतात.

चतुर पंख पसरून बसतो व टाचणी मिटून, हा प्रचलित नियमही पुरा विश्वसनीय नाही. लेस्टिस वंशातील टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात. डोळ्यांतील अंतर पाहावे, तर गोम्फिडी कुलातील चतुरांचे डोळेही परस्परांपासून दूर असतात. पंखांचा आकार मात्र दगा देत नाही: टाचणीच्या दोन्ही जोड्या सारख्या, चतुराचे मागचे पंख मुळाशी रुंद.

फ्रेझर यांचे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील चतुरांवरील तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात निघाले. त्यांतील निदान बव्हंशी पंखांच्या शिराजालावर आधारलेले आहे. ते हाती असलेल्या नमुन्यासाठी आहे. केवळ वरून घेतलेल्या छायाचित्राला ते सहसा लागू करता येत नाही. म्हणून एकाच कीटकाची निदान तीन चित्रे घ्यावीत: वरून, बाजूने व उदराच्या टोकाचे जवळून. बाजूच्या चित्रात उदराच्या दुसऱ्या खंडाखालचा उंचवटा दिसल्यास तो नर. स्थळ व दिनांक तेथेच टिपावा. एवढे करूनही शंका राहिल्यास वंशाचे नाव लिहून थांबावे. चुकीचे जातिनाम एकदा प्रादेशिक यादीत शिरले की ते काढून टाकण्यास पुढे कोणाजवळ नमुनाही नसतो.