अम्लाधिक्य

जठररसातील अम्ल प्रमाणाबाहेर स्रवणे, अथवा प्रमाणात असूनही त्याचा दाह जाणवणे, या अवस्थेस अम्लाधिक्य म्हणतात. बोलीत तिला ‘पित्त’ किंवा ‘ॲसिडिटी’ म्हणतात. माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग व अधोग असे दोन प्रकार वर्णिले आहेत.

जठरात रोज सु. २ लिटर रस स्रवतो. त्यातील हायड्रोक्लोरिक अम्लामुळे अन्नाबरोबर आलेले बहुतेक सूक्ष्मजंतू मरतात आणि पेप्सीन हे एंझाइम क्रियाशील होऊन प्रथिनांचे पचन सुरू होते. अम्ल फारच घटल्यास लोह व ब१२ जीवनसत्त्व यांचे शोषण मंदावते. जठराच्या आतील श्लेष्म्याचा थर त्याच्या भित्तीचे अम्लापासून रक्षण करतो. अन्ननलिकेस असे संरक्षण नसते. तिच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल पडला की रस वर येऊन छातीत जळजळ होते. पुष्कळदा अम्ल अधिक नसतेच, ते भलत्या ठिकाणी पोचलेले असते.

जठर व लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील व्रणांचे खापर दीर्घकाळ चिंता व तिखट यांवर फोडले जाई. १९८२ मध्ये पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सूक्ष्मजंतू शोधला (नोबेल पारितोषिक, २००५). वेदनाशामक गोळ्या हे व्रणांचे दुसरे मोठे कारण होय.

कर्जतहून सु. १०० किमी. दूर मुंबईस पहाटेच्या लोकलने जाणारे नोकरदार आणि खोपोलीच्या कारखान्यांतील पाळीचे कामगार यांना जेवणाची वेळ पाळणे कठीण जाते. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे झाल्यास रस वर येतो. भातलावणीत भरल्या पोटी वाकून राहिल्यानेही तेच होते, आणि कंबरदुखीवर उपाशीपोटी घेतलेली गोळी श्लेष्म्याचा थर दुबळा करते. कोकणात कोकम पित्तशामक मानतात. परंतु ते स्वतः आंबट असल्याने काहींची जळजळ वाढते. खाण्याच्या सोड्याने तात्काळ उतार पडतो खरा, पण पोटात वायू धरतो व त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णास अपायकारक ठरते. अम्लस्राव रोखणारी ओमेप्रॅझोलासारखी औषधे गुणकारी आहेत. ती वर्षानुवर्षे सल्ल्यावाचून घेणे मात्र योग्य नव्हे.

शौचास डांबरासारखी काळी होणे, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा किंवा वजन घटणे ही साध्या पित्ताची लक्षणे नव्हेत. छातीतील जळजळीबरोबर घाम, धाप किंवा हातात कळ असल्यास तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. डोंगरातील वाडीवरून रुग्णालय गाठण्यास आधीच वेळ लागतो. त्यात सोड्याचे पाणी देऊन वाट पाहण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.