पोरांनी किती अंतर पळावं?

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसला लागूनच साताऱ्याचा माण तालुका. तिथल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येत होती. तरी तिचं खरं अंतर निघालं ३००० मीटर स्टीपलचेस. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, अंतिम फेरीत दहावी.

शाळकरी पोरांना थेट २१ किलोमीटरला उभं करायची हौस मात्र पालकांना भारी! जागतिक १८ वर्षांखालील स्पर्धेत (शेवटची २०१७) सर्वांत लांब धाव ३००० मीटरचीच होती. आधी ८००, १५०० पळून पाहावं. शेवटच्या दोनशे मीटरला पाय उचलतात की नुसते ओढले जातात, तिकडे लक्ष ठेवावं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हाच्या वेळेवरून अंतर ठरवू नये.