काठावर पास

४ मे २०२४ च्या शनिवारी इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगमध्ये घसरणीच्या भीतीने रात्रभर न झोपलेले चार संघ आपापला शेवटचा सामना खेळायला उतरले, आणि चौघांनीही तो जिंकला. शेफिल्ड वेन्सडे जिंकला, प्लिमथ जिंकला, बर्मिंगहॅम सिटी जिंकला, ब्लॅकबर्न रोव्हर्सही जिंकला. तरी एकाला खाली जावंच लागलं. तो संघ बर्मिंगहॅम होता. रोव्हर्स त्या दिवशी हरले असते, तर बर्मिंगहॅम वाचला असता आणि तिसऱ्या श्रेणीत गेला असता पुण्याच्या मालकीचा संघ.

हो, पुण्याच्याच. कोंबड्या आणि अंड्यांच्या धंद्यातल्या वेंकीज समूहाने, म्हणजे अनुराधा देसाई आणि त्यांचे भाऊ व्यंकटेश व बालाजी राव यांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब विकत घेतला. क्लब साधासुधा नव्हता. १८७५ ची स्थापना, १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक, एफए कपवर सहा वेळा नाव, आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद. ते विजेतेपद जॅक वॉकर या स्थानिक पोलादवाल्याच्या पैशाचं, प्रशिक्षक केनी डॅल्ग्लिशच्या डोक्याचं आणि अ‍ॅलन शिअररच्या ३४ गोलांचं. कापडगिरण्या बंद पडत गेलेल्या लँकेशायरमधल्या एका मध्यम गावाने लंडन-मँचेस्टरच्या नाकावर टिच्चून मिळवलेलं ते यश होतं. तिथली जुनी माणसं आजही त्याच वर्षापासून काळ मोजतात.

वेंकीजची सुरुवात मात्र फसली. आल्या आल्या त्यांनी सॅम अ‍ॅलरडाइस या मुरलेल्या प्रशिक्षकाला काढलं. २०१२ च्या मेमध्ये, ज्या सामन्याने संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला, त्याच सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. पुढच्या हंगामात प्रशिक्षक बदलण्याचा वेग असा, की हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला आणि मायकेल अ‍ॅपलटन ६७. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला, तोही केवळ गोलफरकाने. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी वेळ पहिल्यांदाच आली. टोनी मोब्रे या शांत प्रशिक्षकाने वर्षभरात संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आणला, आणि तेव्हापासून रोव्हर्स तिथेच आहेत.

ही दुसरी श्रेणी, म्हणजे चॅम्पियनशिप, मोठी विचित्र जागा आहे. चोवीस संघ, प्रत्येकाचे ४६ सामने. पहिले दोन थेट वर, तेव्हाच्या नियमाने तिसरा ते सहावा यांच्यात प्ले-ऑफ आणि वेम्ब्लीवरचा अंतिम सामना. तळाचे तीन खाली. वर प्रीमियर लीगमध्ये टीव्हीचा पैसा धो धो वाहतो. तिथून घसरलेल्या क्लबांना काही वर्षं त्यातला वाटाही मिळत राहतो, त्यामुळे ते तगड्या संघासह येतात. २०२३-२४ मध्ये लेस्टर, लीड्स आणि साउथहॅम्प्टन असेच आले होते. बाकीचे क्लब त्यांच्या बरोबरीने पळायला जातात आणि मिळकतीपेक्षा जास्त पगार वाटतात. खड्डा मालक भरतो. रोव्हर्सचा खड्डा २०१० पासून पुण्याहून भरला जातो आहे, आणि वेंकीजना नावं ठेवणारेही हे नाकारत नाहीत.

आदल्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, रोव्हर्स सातवे आले होते. सहाव्या संडरलंडचे गुण ६९, यांचेही ६९; पुन्हा गोलफरक आडवा आला. शेवटच्या दिवशी मिलवॉलविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून त्यांनी ४-३ असा विजय खेचून आणला, तरी उपयोग झाला नाही. त्याच वर्षी जानेवारीत लुइस ओब्रायन हा मधल्या फळीतला चांगला खेळाडू उसना मिळाला होता, पण कागद मुदतीनंतर पोचले आणि नोंदणी नाकारली गेली. तो असता तर एखादा गुण वाढला असता का, यावर ब्लॅकबर्नच्या पबमध्ये अजून भांडणं होत असतील.

मग आला २०२३-२४ चा हा हंगाम. प्रशिक्षक डेन्मार्कचा यॉन डाल टोमासन, खेळाडू बहुतेक तरुण, खेळ धाडसी आणि मागची बाजू उघडी. सगळ्यात अनपेक्षित गोष्ट सॅमी स्मॉडिक्सची. आघाडीवीराच्या मागे खेळणारा, ठेंगणा, सतत पळणारा हा माणूस आधीच्या वर्षी कुणाच्या नजरेत भरला नव्हता. या वर्षी त्याने लीगमध्ये २७ गोल केले आणि सबंध श्रेणीत पहिला आला. संघाचे एकूण गोल होते ६०. म्हणजे जवळपास निम्मा भार एका माणसावर, आणि दुसऱ्या बाजूला ७४ गोल खाणारी बचावफळी! असा संघ पाहायला मजा येते. त्याचा पाठीराखा असणं मात्र जिवावर येतं.

जानेवारीत गणित बिघडलं. अ‍ॅडम व्हार्टन, ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि लहानपणापासून याच क्लबमध्ये वाढलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, क्रिस्टल पॅलेसने सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना नेला. रक्कम वाईट नव्हती. पण मधली फळी पोकळ झाली, आणि अमेरिकेहून आणायचा ठरलेला डंकन मॅक्ग्वायर पुन्हा कागदपत्रांच्या घोळात अडकला. सलग दुसऱ्या जानेवारीत तीच चूक! याला दुर्दैव म्हणायला मी तयार नाही. हा गलथान कारभार होता. त्यात पुण्याहून पैसे पाठवायची वाटही अरुंद झाली होती. अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे क्लबसाठी निधी पाठवायला वेंकीजना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागत होती. लँकेशायरमधल्या बचावपटूचा पगार दिल्लीतल्या तारखांवर अवलंबून, असा प्रकार फुटबॉलमध्ये फारसा घडलेला नसावा. ९ फेब्रुवारीला टोमासन परस्परसंमतीने गेला. थोड्याच दिवसांत तो स्वीडनचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला, त्यामुळे त्याची कीव करायचं कारण नाही.

त्याच दिवशी जॉन यूस्टेस आला. इथे या हंगामाची खरी गंमत सुरू होते. ऑक्टोबरमध्ये यूस्टेस बर्मिंगहॅमचा प्रशिक्षक होता आणि संघ सहावा होता. नव्या अमेरिकी मालकांना आणखी झगमगाट हवा होता, म्हणून त्यांनी त्याला काढून वेन रूनीला आणलं. रूनीने पंधरा सामन्यांत दोन विजय मिळवले आणि नववर्षाच्या दुसऱ्याच दिवशी त्याला नारळ मिळाला. त्याच्या जागी आला टोनी मोब्रे, तोच, ज्याने रोव्हर्सना तिसऱ्या श्रेणीतून वर काढलं होतं. पण आजारपणामुळे त्याला लवकरच रजेवर जावं लागलं. थोडक्यात, एकमेकांचे जुने प्रशिक्षक घेऊन दोन क्लब एकाच खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले.

यूस्टेसने जादू केली नाही. त्याने आधी बचाव आवळला, बरोबरी पदरात पाडून घेतली आणि स्मॉडिक्सकडे चेंडू पोचेल एवढं पाहिलं. १ एप्रिलला संडरलंडमध्ये ५-१, १३ एप्रिलला लीड्सच्या मैदानावर स्मॉडिक्सच्या एका गोलावर विजय. आणि मग आठवड्यात घरच्या ईवुड पार्कवर शेफिल्ड वेन्सडेकडून १-३ हार. शेवटचा सामना होता विजेतेपद आधीच पटकावलेल्या लेस्टरच्या मैदानावर. निकाल २-०, दोन्ही गोल स्मॉडिक्सचे. ५३ गुण, एकोणिसावा क्रमांक. बर्मिंगहॅम ५० गुणांवर बुडाला.

त्या दिवशी मालक मैदानात नव्हते, हे सांगायलाही नको; राव कुटुंब ईवुडला वर्षानुवर्षं फिरकत नाही. २०११ मध्ये उलट संघच पुण्याला आला होता आणि बालेवाडीत पुणे एफसीला ३-० हरवून गेला. पाठीराख्यांचा राग आता पैशांपेक्षा या गैरहजेरीवर जास्त आहे, आणि तो मला रास्त वाटतो. २०२२ मध्ये याच ईवुडच्या हिरवळीवर ईदची नमाज झाली. इंग्लंडातल्या कुठल्याही फुटबॉल क्लबने अशी जागा त्याआधी दिली नव्हती. गुजराती मुळाच्या शेकडो कुटुंबांच्या या गावाला क्लबने इतकं जवळ घेतलं, आणि मालकांना मात्र ३१ हजार खुर्च्यांच्या त्या मैदानात एक शनिवार बसायला सवड मिळत नाही.

ऑगस्टमध्ये स्मॉडिक्स इप्सविचला विकला गेला. तो गेल्यावर संघ कोसळेल असं सगळ्यांनाच वाटलं, पण पुढचा हंगाम उलटा निघाला. यूस्टेसने रोव्हर्सना पहिल्या सहांच्या शर्यतीत नेलं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये तो स्वतःच नोकरी सोडून डर्बीला गेला, जो त्या वेळी तळाशी झगडत होता. रोव्हर्स सातवे आले. या खेपेला दोन गुणांनी.