हनीक्रिस्प सफरचंद : चवीची ख्याती व बागाईतदारांचे कष्ट

सफरचंदाची पारख गिऱ्हाईक बहुधा रंगावरून करते. अमेरिकेत रेड डेलिशस या जातीने याच गुणावर कित्येक वर्षे बाजार काबीज केला होता. तेथील बागाईतदारांनी अधिकाधिक लाल फळे देणाऱ्या फांद्यांची कलमे करण्याचा सपाटा लावला. परंतु रंगाच्या मागे लागता लागता चव मागे पडली आणि अखेरीस गिऱ्हाइकाने पाठ फिरविली. त्याच देशात पुढे केवळ खाण्याच्या गोडीवर नाव मिळविलेली जात म्हणजे हनीक्रिस्प होय.

या जातीचा संकर मिनेसोटा विद्यापीठात १९६० साली करण्यात आला. कडक हिवाळा सोसणारी व उत्तम प्रतीची फळे देणारी जात काढावी हा हेतू होता. १९७७ साली मूळ झाडास थंडी बाधल्याचे पाहून ते टाकाऊ ठरविण्यात आले. पुढे तेथील संशोधक डेव्हिड बेडफर्ड यांनी त्याच्या उरलेल्या कलमांना आणखी संधी दिली, आणि १९९१ साली ही जात बागाईतदारांस उपलब्ध झाली. तिचे आईबाप म्हणून मॅकाउन व हनीगोल्ड यांची नोंद होती. परंतु आनुवंशिक तपासणीत दोन्ही नावे चुकीची ठरली. रोपवाटिकेत पाट्या व नोंदवह्या सांभाळणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

या फळाचा खरा गुण त्याच्या गराच्या रचनेत आहे. जुने, मऊ पडलेले सफरचंद चावले असता त्यातील पेशी न फुटता एकमेकींपासून सुट्या होतात. रस आतच राहतो व तोंडाला पीठ लागल्यासारखे वाटते. हनीक्रिस्पच्या पेशी मोठ्या असून त्या चावताच फुटतात. त्यामुळे फळ कुरकुरीत लागते व तोंड रसाने भरून जाते. गोडीला किंचित आंबटपणाची जोड असते. शिवाय नीट साठविल्यास हा कुरकुरीतपणा कित्येक महिने टिकतो. साध्या जातींपेक्षा या फळास पुष्कळ अधिक भाव मिळतो, तो यामुळेच.

मात्र हा भाव सुखासुखी पदरात पडत नाही. फळात चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, कमी पडल्यास सालीवर खोलगट तपकिरी ठिपके पडतात व त्याखालील गर कडवट होतो. टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडते, तेही याच उणिवेमुळे. जमिनीत चुना पुरेसा असूनही ही विकृती दिसू शकते, कारण पाण्याबरोबर वर चढणारा हा अंश बव्हंशी पानांकडे जातो. म्हणून हंगामात कॅल्शियमच्या फवारण्या पुनःपुन्हा द्याव्या लागतात. विरळणीतही तारतम्य हवे. झाडावर फळे फार थोडी ठेवल्यास ती अवाजवी मोठी होऊन ठिपके वाढतात. फार ठेवल्यास रंग व चव उतरते आणि पुढील वर्षी मोहोर येत नाही.

सर्व फळे एकदम तयार होत नसल्याने तोडणी दोन-तीन वेळा करावी लागते. साल पातळ असल्याने एका फळाचा देठ दुसऱ्यात रुततो. म्हणून मजूर प्रत्येक फळाचा देठ कातरीने आखूड करतात. तोडलेला माल थेट शीतगृहात घातल्यास त्यावर तपकिरी चट्टे पडतात. तो प्रथम सुमारे १० अंश सेल्सिअस तापमानात आठवडाभर ठेवून नंतर सुमारे ३ अंशांवर आणतात.

हे झाड थंड मुलखातले आहे. महाराष्ट्राच्या हवामानात त्याला हिवाळ्याची आवश्यक थंडी मिळत नाही, तेव्हा कोणी रोपे विकावयास आल्यास भुलू नये. खुद्द अमेरिकेतही त्याच्या खोडी सर्वांनाच परवडत नाहीत. वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठाने त्याचा एंटरप्राइज या जातीशी संकर करून कॉस्मिक क्रिस्प ही साठवणीस अधिक चांगली जात काढली. तिची फळे २०१९ च्या डिसेंबरात बाजारात आली.