समान वृत्तपत्रीय आधारांचे निर्देश आणि झोटेरो-प्रणाली

एकाच बखरीच्या दोन नकला म्हणजे दोन स्वतंत्र पुरावे नव्हेत, आणि एकाच कारकुनाच्या हातच्या दोन पत्रांस एक लेखणें हाही तितकाच मोठा प्रमाद होय, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको. वृत्तपत्रांच्या बाबतींत मात्र हा विवेक पुष्कळदां सुटतो. शेंकडों अंक चाळून उतारे घेतले जातात आणि तळटीप लिहितेवेळीं ‘केसरी, १९०८’ एवढाच निर्देश हातीं उरतो. साप्ताहिकाचे वर्षांतून पन्नासांवर अंक निघतात. तेव्हां असल्या निर्देशानें वाचकास मूळ मजकूर सांपडणें दुरापास्तच.

या कामीं झोटेरो नांवाच्या संगणक-प्रणालीचा चांगला उपयोग होतो. ही प्रणाली अमेरिकेंतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास-केंद्रांतून २००६ सालीं निघाली असून ती विनामूल्य मिळते. तींत प्रत्येक आधाराची पृथक् नोंद ठेवतां येते व त्या नोंदीवरून तळटीपा व ग्रंथसूचि तयार होतात. परंतु नोंदच संदिग्ध असेल तर यंत्र ती संदिग्धता सुबक रूपानें छापील, इतकेंच.

उदाहरणार्थ, १९०८ चा टिळकांवरील राजद्रोहाचा खटला घ्यावा. आरोपास आधारभूत लेख दोन : १२ मे १९०८ च्या केसरींतील ‘देशाचें दुर्दैव’ व ९ जूनच्या अंकांतील ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’. पत्र एक, वर्ष एक, विषयही बाँबप्रकरणाचाच. मात्र लेख भिन्न. उलटपक्षीं, एकाच लेखाचीं रूपें अनेक : केसरीचा मूळ अंक, न्यायालयापुढील इंग्रजी भाषांतर, आणि पुढील काळांतील पुनर्मुद्रणें. सरकारी भाषांतर सदोष असल्याची तक्रार टिळकांनीं आपल्या बचावाच्या भाषणांत केली होती, आणि ज्यूरी सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थांची होती. २२ जुलै १९०८ रोजीं सातांविरुद्ध दोन अशा बहुमतानें ते दोषी ठरले व सहा वर्षांची शिक्षा झाली. अशा स्थितींत भाषांतर वाचून तळटीपेंत मूळ अंकाचा निर्देश करणें म्हणजे ज्या शब्दांवर वाद झाला तो वादच पुसून टाकणें होय.

म्हणून पहिला नियम असा कीं, जें प्रत्यक्ष पाहिलें त्याचीच नोंद करावी. मूळ अंक पाहिला असल्यास ‘वृत्तपत्रीय लेख’ या प्रकाराची, पुनर्मुद्रण पाहिलें असल्यास ग्रंथांतील प्रकरणाची, याप्रमाणें नोंदी वेगळ्या ठेवाव्या आणि ‘संबंधित’ या सोयीनें त्या परस्परांस जोडाव्या. अशा रीतीनें कुळ एक, शाखा अनेक, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

दुसरा नियम लेखकाच्या रकान्याविषयीं. जुन्या पत्रांतील अग्रलेख बहुधा निनांवी असत. केसरी ४ जानेवारी १८८१ रोजीं निघाला. १८८७ पर्यंत आगरकर संपादक होते, तरी चिपळूणकर व टिळक हेही लिहीत. अशा निनांवी लेखापुढें तर्कानें नांव घातल्यास यंत्र त्यास छापील सत्याचें रूप देतें. तेव्हां रकाना रिकामा ठेवून कर्तृत्वाविषयींचें अनुमान कारणांसह टिपणांत लिहावें. संपादक या नात्यानें पत्करलेली जबाबदारी आणि लेखाचें कर्तृत्व या दोन गोष्टी भिन्न आहेत.

तिसरा नियम तारखेचा. नुसतें वर्ष न लिहितां वर्ष, महिना व दिवस तिन्ही घालावे, म्हणजे नोंदी कालानुक्रमें लागतात. वृत्तपत्रीय नोंदींत पत्राच्या वर्षाचा व अंकाचा क्रमांक लिहिण्यास स्वतंत्र रकाना नाहीं. तो ‘एक्स्ट्रा’ या मोकळ्या रकान्यांत लिहावा. अंक कोणत्या संग्रहांत पाहिला तें व तेथील दप्तर-क्रमांक यांसाठीं मात्र रकाने आहेत. ते रिकामे ठेवूं नयेत. पृष्ठाचें छायाचित्र नोंदीसच जोडावें.

सर्वांत मोठा धोका दुबार नोंदींच्या यादींत आहे. झोटेरो मुख्यतः मथळा, कर्ता व वर्ष यांच्या साम्यावरून दुबार नोंदी सुचविते. ‘पत्रव्यवहार’, ‘वर्तमानसार’ असे मथळे तर अंकोअंकीं येतात. त्यामुळें भिन्न तारखांचे भिन्न मजकूर तिला एक भासतात. असे मजकूर एकदां विलीन केले म्हणजे ते पुन्हा विलग करणें कष्टाचें असतें. यास्तव नोंद करतांनाच सामान्य मथळ्यापुढें चौकटी कंसांत विषयाचे चार शब्द घालावे, आणि छायाचित्रें ताडून पाहिल्यावांचून कोणत्याही दोन नोंदी विलीन करूं नयेत. एका पत्रानें दुसऱ्याचा मजकूर उतरून घेतला असेल तेथेंही नोंदी दोनच ठेवाव्या. पुरावा मात्र एकच मोजावा.

सारांश, प्रणालीनें स्मरणाचा भार हलका होतो; साक्षीदार किती व कोणते, हा निर्णय पूर्वींप्रमाणेंच संशोधकाच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्यांस ही दृष्टि उपजतच असते. ती वृत्तपत्रांच्या दप्तराकडेही वळविली पाहिजे.