बैल आणि वळू : शब्द दोन, जनावरेही दोन



गटात फिरताना 'दावणीला दोन बैल आहेत' असे पुष्कळजण सांगतात. जाऊन पाहावे तर एक बैल आणि दुसरा न बडवलेला खोंड. बोलण्यात हे चालून जाते. पण ऊस वाहतुकीची जोडी, विम्याचा अर्ज आणि गाईंची पैदास या तिन्ही ठिकाणी हा फरक नडतो.

गाईला नर झाला की तो गोऱ्हा. अंगाने भरला की खोंड. इथून पुढे दोन वाटा फुटतात. खच्चीकरण करून कामाला जुंपला तो बैल. पैदाशीसाठी राखला तो वळू. खच्चीकरण न झालेला तो अंडील. वळू अंडील असतोच, पण प्रत्येक अंडील खोंड वळू होण्याच्या लायकीचा नसतो. महादेवापुढच्या नंदीच्या वृषणांना हात लावून आपण दर्शन घेतो, म्हणजे नंदी हा वळूच. तरी तोंडात शब्द येतो 'नंदीबैल'! घोटाळा असा जुना आहे.

खच्चीकरणाने काय होते? वृषणात तयार होणारा नर-रस थांबतो. जनावर शांत होते, गाईमागे धावत नाही, जोडीदाराशी जुवाखाली नमते घेते. फार लहानपणी केले तर मान आणि वशिंड भरत नाही. फार उशीर केला तर मारकेपणा अंगात मुरतो. म्हणून वेळ पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दगडाने बडवण्याची जुनी रीत क्रूर आहे, ती सोडा. डॉक्टर भूल देऊन चिमट्याने नस दाबतात, जखम होत नाही. मात्र त्यानंतरही काही आठवडे बीज शिल्लक राहते. तेव्हा दीड-दोन महिने त्याला गाईंपासून लांब बांधा.

मोकाट खोंडाने गाय फळली तर वासराचा बाप कोण, त्याच्या आईचे दूध किती, काहीच कळत नाही. बाप-लेकीचा संकर होतो, गर्भपाताचे रोग पसरतात. उलट रेतन केंद्रातल्या वळूची वंशावळ आणि तपासणी नोंदलेली असते. खिलार असो की अकोले भागातली डांगी, जात टिकते ती अशा निवडलेल्या वळूमुळे.

आणखी एक. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती; मार्च २०१५ पासून वळू आणि बैल हेही त्यात आले. कायद्यानेसुद्धा दोन्ही नावे वेगळी घेतली आहेत. नको असलेला गोऱ्हा मोकळा सोडला तर तो शेजाऱ्याच्या उसात शिरतो आणि भांडण आपल्या दारात येते. यावर उपाय आधीच करता येतो. लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरली तर बहुतेक कालवडीच होतात. तरीही गोऱ्हा झालाच, तर त्याला बैल करायचे की वळू, हे वेळेत ठरवा. तोवर कागदावर जे जनावर आहे तेच लिहा.

– ऊस विकास अधिकारी